लाइव्ह अल्बम कसा ऐकायचा, आणि नवीन अल्बमशी झालेलं भांडण कसं मिटवायचं

माझा भाचा अकरावीला आहे. गेल्या महिन्यात त्याला अचानक आयर्न मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड सापडला आणि रात्री साडेअकराला मेसेज, मावशी मी त्यांची टॉप टेन ऐकून संपवली, आता पुढे काय. संपवली म्हणे! मी त्याला इतक्या लांब लांब व्हॉइस नोट पाठवल्या की दुसऱ्या दिवशी ताईचा फोन, अगं त्याची युनिट टेस्ट आहे. म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून काढतेय, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या अजून कोणी असतील त्यांच्यासाठी. पुढे काय, तर लाइव्ह अल्बम, म्हणजे समोर प्रेक्षक असताना स्टेजवरच रेकॉर्ड केलेले.

आधी फोनमधली सेटिंग बघून घ्या, कारण निम्मे लोक इथेच लाइव्ह अल्बमची वाट लावतात. शफल बंद. क्रॉसफेड शून्यावर, म्हणजे एक गाणं संपताना दुसरं त्याच्यावर चढतं तो प्रकार बंद. गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये फट न ठेवणारी सेटिंग, असेल तर चालू. आणि आवाजाची पातळी सारखी करणारं नॉर्मलायझेशन असतं तेही बंद करा, कारण लाइव्हमध्ये हळू आणि जोरात यातला फरक हीच तर मजा असते. लाइव्ह अल्बममध्ये दोन गाण्यांच्या मधे शांतता नसतेच, टाळ्या आणि आरडाओरडा चालू असतानाच पुढचा ट्रॅक सुरू होतो, तिथे अर्धा सेकंदाची जरी फट पडली ना तर सवाईत गाणं चालू असताना कोणी तानपुऱ्याचा प्लग काढावा तसं वाटतं (हो, माहितीय तानपुऱ्याला प्लग नसतो, इलेक्ट्रॉनिकवाल्याला असतो).

आता सुरुवात कुठून. मेडनचा पोरगा असला तरी मी त्याला आधी डीप पर्पल या बँडच्या मेड इन जपान अल्बमला बसवलं. १९७२ च्या ऑगस्टची १५, १६ आणि १७ तारीख, पहिले दोन दिवस ओसाका, तिसरा टोकियो. गंमत म्हणजे हा अल्बम मुळात फक्त जपानमध्ये विकायला म्हणून रेकॉर्ड केला होता, बँडला त्यात फार रस पण नव्हता, आणि आज लाइव्ह अल्बम म्हटलं की लोक पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवतात. सात गाणी, साधारण सव्वा तास, म्हणजे डोंबिवलीहून स्लो लोकलला बरोब्बर बसतो. मी स्वतः तो असाच पाठ केलाय, खिडकी मिळाली तर उत्तम, नाहीतर दारातून दुसऱ्या रांगेत.

ऐकायचा कसा, तर तीनदा. पहिल्यांदा नुसता, सलग, काही कळलं नाही तरी चालेल. दुसऱ्यांदा एकच माणूस धरायचा आणि त्याचाच पाठलाग करायचा. माझा सल्ला जॉन लॉर्डचा ऑर्गन धरा, कारण तो आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवायचा, त्यामुळे नवख्या माणसाला कळतच नाही की आत्ता वाजतंय ते गिटार आहे का ऑर्गन. हेडफोन लावा, एकेक कान आळीपाळीने काढून बघा, गिटार एका बाजूला आणि ऑर्गन दुसऱ्या बाजूला असं सापडेल, एकदा सापडलं की मग तो पुन्हा हरवत नाही. तिसऱ्यांदा शेजारी स्टुडिओ अल्बम घेऊन बसायचं. मशीन हेड त्याच वर्षी मार्चमध्ये आला होता आणि जपानमधल्या सातपैकी चार गाणी त्यातलीच आहेत. शेवटचं स्पेस ट्रकिन स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे आणि जपानमध्ये तेच जवळजवळ वीस मिनिटं चालतं. भाचा म्हणाला एवढं कशाला ताणलंय. मी म्हटलं अरे तुझे आजोबा कुमारांचं मैफलीतलं रेकॉर्डिंग ऐकायचे ते काय ताणलेलं होतं का, जुन्या तबकडीत तीन मिनिटांत कोंबलेला राग आणि मैफलीत पाऊण तास उलगडलेला तोच राग, यातला फरक ज्या घरात माहितीय त्या घरातल्या पोराने हा प्रश्न विचारू नये.

मग मेडन. पहिला अर्थातच लाइव्ह आफ्टर डेथ, १९८५. यातला मोठा भाग मार्च १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरीनात रेकॉर्ड झालाय आणि शेवटची पाच गाणी त्याच्या आधीच्या ऑक्टोबरातली, लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधली. इथे एक भानगड आहे, अल्बम शंभर मिनिटांच्या वर असल्यामुळे सुरुवातीला एकाच सीडीवर आला तेव्हा ही पाच गाणी उडवलेली होती, १९९८ च्या आवृत्तीत परत आली. त्यामुळे जुनी सीडी कोणाकडून मिळाली किंवा कुठूनतरी फोल्डर कॉपी केला तर आधी गाणी मोजा. शेवटी हॅमरस्मिथची पाच नसतील तर तुमच्याकडे अर्धवट माल आहे, माझ्याकडे कॉलेजात दोन वर्षं तोच होता आणि मी तोच पूर्ण समजून लोकांशी वाद घालत होते, असो.

तो दौरा ऑगस्ट १९८४ ते जुलै १९८५, अकरा महिन्यांत १८० च्या वर कार्यक्रम. लाँग बीचपर्यंत त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन सात महिने गात होता. आवाजात खरखर ऐकू येते, काही ठिकाणी तो वरची जागा सोडून खालून जातो, आणि मला तो अल्बम त्यासाठीच जास्त आवडतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी स्टुडिओच ऐकावं, भांडण नाही. आणि हो, मार्टिन बर्च हे नाव लक्षात ठेवा, मेड इन जपानचा रेकॉर्डिंग इंजिनिअर तोच आणि लाइव्ह आफ्टर डेथचा निर्माता पण तोच. दोन्हीत लोकांचा आवाज मागे लावलेल्या पडद्यासारखा वाटत नाही, आपण त्यांच्यातच उभे आहोत असं वाटतं, त्याचं श्रेय मी तरी त्याला देते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. नवीन अल्बम. प्रत्येक बँडच्या नवीन अल्बमला पहिल्या दिवशी शिव्या पडतात, लांब आहे, पहिल्यासारखा जोर नाही, म्हातारे झाले. माझं म्हणणं असं की हे लोक अर्धवट शिजलेला भात खाऊन बासमतीला नावं ठेवतात. यांच्यासारख्या बँडचा स्टुडिओ अल्बम म्हणजे अर्धं काम, उरलेलं अर्धं स्टेजवर होतं, शे-दीडशे वेळा वाजवून वाजवून. पटत नसेल तर हा प्रयोग करा. मेडनचा २००० सालचा ब्रेव्ह न्यू वर्ल्ड घ्या, बँड सोडून गेलेले डिकिन्सन आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ १९९९ मध्ये परत आले आणि बँडमध्ये तीन गिटारवाले झाले त्यानंतरचा पहिला. मग रॉक इन रिओ घ्या, त्याच दौऱ्याची शेवटची रात्र, १९ जानेवारी २००१, समोर अडीच लाख माणूस. नवीन अल्बमची सहा गाणी त्यात आहेत. एक गाणं स्टुडिओतलं, लगेच तेच रिओतलं, अशा सहा जोड्या लावा. स्टुडिओत तीन गिटारी एकमेकींना जरा बिचकून असल्यासारख्या वाटतात, रिओत त्या एकमेकींच्या अंगावर पडतात. ब्लड ब्रदर्सची जोडी सगळ्यात शेवटी ठेवा आणि त्यानंतर लगेच दुसरं काही लावू नका.

एकदा ही जोडीची सवय लागली की नवीन अल्बमला आपोआप धीर धरता येतो. मेडनचा सेनजुत्सु आला ३ सप्टेंबर २०२१ ला. रेकॉर्ड मात्र २०१९ मध्येच पॅरिसला करून ठेवला होता आणि कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. दहा गाणी, जवळजवळ ८२ मिनिटं, आणि शेवटची तीन प्रत्येकी दहा मिनिटांच्या वर. खरं सांगते, मला पहिले तीन आठवडे तो अजिबात झेपला नाही, नवऱ्याला म्हटलं पण की आता हे लोक दमले. मग मी जे केलं तेच तुम्ही करा. एका बैठकीत ऐकायचा हट्ट सोडला, दोन सीडी आहेत तर दोन दिवस. परीक्षणं वाचणं बंद, कारण एकदा कोणी लिहिलं की अमुक जागा रटाळ आहे की ती जागा आली की तेच आठवतं. भांडी घासताना लावायचा, समोर बसून परीक्षा घेतल्यासारखा नाही. आणि लांब गाण्यांपैकी रोज एकच ऐकायचं, बाकीची नाही. चौथ्या आठवड्यात शेवटचं हेल ऑन अर्थ ओट्यापाशी गुणगुणत होते, ते माझं मलाच उशिरा कळलं.

पण त्या अल्बमचं उरलेलं अर्धं काम पूर्ण झालं २०२२-२३ मध्ये. २०२२ च्या दौऱ्यात त्यांनी कार्यक्रमाची सुरुवातच या अल्बमच्या पहिल्या तीन गाण्यांनी केली, जुनं हिट नाही, काही नाही, आधी नवीन ऐका मग बाकीचं, मला ही दादागिरी फार आवडते. आणि २०२३ च्या दौऱ्यात सेनजुत्सु आणि १९८६ चा समव्हेअर इन टाइम असे दोन अल्बम एकत्र गुंफले, त्यात अलेक्झांडर द ग्रेट हे गाणं पहिल्यांदा स्टेजवर आलं, ३७ वर्षांनी! माझ्या पिढीतले कित्येक जण ते कधी वाजवणारच नाहीत असं धरून चालले होते. तर नवीन अल्बम आला की तारीख लिहून ठेवा, मत मात्र दौरा झाल्यावर द्या.

मधेच एक मुद्दा, कारण कोणीतरी विचारणारच की लाइव्ह अल्बम खरंच लाइव्ह असतात का. नेहमी नाही. जुडास प्रीस्टच्या १९७९ च्या अनलीश्ड इन द ईस्टमध्ये गाण्याचा आवाज नंतर स्टुडिओत पुन्हा भरलेला आहे, थिन लिझीच्या १९७८ च्या लाइव्ह अँड डेंजरसमध्ये किती भरलंय यावर निर्माता आणि बँड यांचं कधीच एकमत झालं नाही. ओळखायचं असेल तर गाणाऱ्याच्या श्वासाकडे लक्ष द्या, स्टेजभर पळत असलेला माणूस ओळीच्या शेवटी थोडा तरी तुटायला हवा ना. पण मी यात फार अडकत नाही, लाइव्ह अँड डेंजरस लागला की मी आवाज वाढवते आणि चौकशी समिती बरखास्त करते.

आता प्रेक्षकांनी केलेली रेकॉर्डिंग. दोन शब्द माहीत असू द्या, साउंडबोर्ड म्हणजे मिक्सरमधून थेट घेतलेलं, स्वच्छ पण बऱ्याचदा कोरडं, आणि ऑडियन्स म्हणजे गर्दीतल्या माईकवरून घेतलेलं. ऑडियन्सवालं लावलं की पहिली पाच मिनिटं डब्यात बसून ऐकतोय असं वाटतं, बंद करू नका, कान सवय करून घेतो. काही बँड याला उघड परवानगी देतात, ग्रेटफुल डेडने तर १९८४ पासून रेकॉर्डिंगवाल्यांसाठी वेगळी तिकिटंच काढली होती, आणि पर्ल जॅमने २००० च्या दौऱ्यातले जवळजवळ सगळे कार्यक्रम स्वतःच सीडीवर काढून विकले, ७२ डबल अल्बम! काही बँडना अजिबात चालत नाही, तेव्हा तिकिटावरचे नियम वाचा. चालत असेल तर व्हिडिओ नको, एका गाण्याची फक्त ऑडिओ घ्या. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहून फोनचा माईक नुसता फाटतो, साउंड मिक्सरचा टेबल असतो त्याच्या जरा पुढे उभे राहा, आवाज तिथेच सगळ्यात नीट जमतो कारण मिक्स करणारा माणूस तिथूनच ऐकत असतो. आणि रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही स्वतः गाऊ नका, माझ्याकडे एका कार्यक्रमाची पूर्ण पाऊण तासाची रेकॉर्डिंग आहे, त्यात मी आणि माझी मैत्रीणच आहोत, बँड मागे कुठेतरी.

शेवटचा गृहपाठ फ्लाइट ६६६. २००८ च्या दौऱ्यात मेडन सगळं सामान एका बोइंग ७५७ मध्ये घालून फिरलं आणि विमान चालवायला डिकिन्सन स्वतः. या अल्बमची गोष्ट अशी की प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे, मेलबर्न, सिडनी, टोकियो असं करत, त्यामुळे एका रात्रीचा चढ-उतार यात शोधू नका, फक्त गर्दी ऐका, प्रत्येक गावाची गर्दी वेगळी ओरडते. आणि सुरुवातीला चर्चिलचं भाषण वाजतं, त्यानंतर पहिलं गाणं येतं, एसेस हाय, ते मुंबईचं आहे. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, बीकेसीचं मैदान, त्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम. मी ऑफिसात दाढ दुखतेय सांगून हाफ डे टाकला होता, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा केली होती, आणि भाषण सुरू झालं तेव्हा माझ्या आजूबाजूची सगळी पोरं ते भाषण शब्द न शब्द बोलत होती, कुठल्या शाळेत शिकवलं होतं देव जाणे.

भाच्याला मी तो ट्रॅक पाठवला आणि सांगितलं की यात मी आहे. त्याने चार वेळा ऐकला आणि विचारलं, मावशी पण नक्की कुठे? आता ते मला कसं सांगता येणार. तर तो ट्रॅक हेडफोनवर ऐकू नका, मोठ्या स्पीकरवर लावा, दुपारी, आणि शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा.