इंजिनाच्या आवाजात दयाळाचे गाणे कुठवर पोहोचते, हे कसे तपासावे

दयाळ हा गाणारा पक्षी बाभळीच्या शेंड्यावर रोज दिसतो, म्हणजे त्याचे सर्व ठीक चालले आहे, असे आपण गृहीत धरतो. परंतु नर दयाळ आपली हद्द गाण्यानेच राखतो आणि मादीलाही गाण्यानेच बोलावतो. ते गाणे तिच्यापर्यंत पोहोचलेच नाही, तर केवळ पक्षी मोजून आपल्याला काहीच कळणार नाही.

गेल्या मार्चमध्ये नाल्याकाठच्या आमच्या वावरात मी धुऱ्यावर बसलो होतो. ऑइल इंजिन सुरू असेपर्यंत समोरच्या दयाळाचा फुगलेला गळा आणि हलणारी चोच तेवढी दिसत होती. डिझेल संपून इंजिन बंद पडले, तेव्हा गाण्याचा उरलेला तुकडा कानी आला आणि पाठोपाठ पांदणीपलीकडच्या कडुनिंबावरून दुसऱ्या नराने उत्तर दिले. मात्र एका सकाळवरून निष्कर्ष काढणे योग्य नाही, म्हणून पुढील पद्धत सांगतो.

आधी आवाज समजून घ्यावा. ट्रक आणि इंजिने यांच्या आवाजाचा मोठा भाग २ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला २००० कंपनांच्या) खाली, म्हणजे खालच्या स्वरांत असतो. होला आणि भारद्वाज यांचा घुमणारा स्वर त्याच पट्ट्यात येत असल्यामुळे तो लवकर बुडतो, तर शिंजीराची बारीक चिवचिव बरीचशी वर राहते. काही पक्षी यावर उपायही शोधतात. नेदरलँड्समधील लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे ‘ग्रेट टिट’ पक्षी आपल्या गाण्यातील खालचे स्वर उंचावतात, असे २००३ मध्ये दिसून आले, आणि बर्लिनमधील नाइटिंगेल रहदारीच्या गोंगाटात अधिक जोराने गातात, हे २००४ मध्ये नोंदले गेले. २०२० च्या टाळेबंदीत रहदारीचा गोंगाट कमी झाला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्को परिसरातील, डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या चिमण्या हळू आवाजात गाऊ लागल्या आणि तरीही त्यांचे गाणे पूर्वीपेक्षा दूरवर जाऊ लागले.

आता प्रत्यक्ष काम. झाडे, पाणी आणि सावली सारखीच असलेल्या दोन जागा निवडाव्यात. एक इंजिन, गिट्टीखदान किंवा महामार्ग यांच्या जवळची आणि दुसरी त्यापासून किमान एक किलोमीटर दूरची. दयाळ मार्च ते जून या काळात पहाटे भरपूर गातो, म्हणून सूर्योदयापूर्वी अर्धा तास आधी पोहोचून पाच मिनिटे हालचाल न करता बसावे आणि त्यानंतर दहा मिनिटे ऐकावे. वारा वाहत असेल तर त्या दिवसाची नोंद घेऊ नये. प्रत्येक जागी निदान आठ सकाळी द्याव्यात, आणि त्यांपैकी काही इंजिन सुरू असतानाच्या तर काही बंद असतानाच्या असाव्यात, कारण एकाच जागेची स्वतःशी केलेली तुलना सर्वांत भरवशाची असते.

दहा मिनिटे झाल्यावर, गाणारा पक्षी बसलेल्या झाडापासून सरळ दूर चालत जावे आणि गाणे ऐकू येईनासे झाले की पावले मोजून वहीत लिहावीत. या साध्या आकड्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो. मात्र गोंगाटातून एखादा स्वर वेगळा काढण्यात माणसाचा कान बहुतेक पक्ष्यांपेक्षा सरस असतो. त्यामुळे आपल्याला जिथवर ऐकू आले तिथवर पक्ष्यालाही ऐकू जात असेल, असे मानू नये.

ध्वनिमुद्रण करायचे असल्यास मोबाईल हातात न धरता धुऱ्यावर घडी केलेल्या दुपट्ट्यावर ठेवावा आणि दर वेळी तोच मोबाईल त्याच अंतरावर असावा. मोबाईल आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो, म्हणून मुद्रणावरून ‘पक्षी मोठ्याने गायला’ असे ठरवता येत नाही. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत मुद्रणाचा स्वरालेख (स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालचे स्वर तळाशी आणि उंच स्वर वर दाखवणारे आवाजाचे चित्र) उघडला की इंजिनाचा आवाज तळाशी जाड पट्ट्यासारखा दिसतो आणि गाणे त्यावर वळणावळणाच्या रेघांसारखे उमटते. इथे हमखास एक चूक होते: गाण्याचे खालचे स्वर त्या पट्ट्यात दडलेले असतात आणि आपण मात्र पक्ष्याने स्वर उंचावला असे समजतो. हे टाळण्यासाठी गाण्यातील सर्वांत ठळक स्वराचीच तुलना करावी. पक्षी गात नसेल, तर मोबाईलवर त्याचे गाणे वाजवून त्याला मुळीच बोलावू नये. हद्दीत परका नर आला असे समजून तो विणीच्या काळात नाहक धावपळ करतो.

नोंदींत फरक स्पष्ट दिसला, तर इंजिनाचा फुटका सायलेन्सर आधी बदलावा आणि शक्य असेल तिथे मार्च ते जून इंजिन सूर्योदयानंतर तासाभराने सुरू करावे. कृषी पंपाची वीज कधी मिळेल हे शेतकऱ्याच्या हाती नसते, याची मला जाणीव आहे. डिझेल इंजिनाची वेळ मात्र बहुधा आपल्याच हाती असते. झाडांची एकच ओळ आवाज फारसा अडवत नाही, त्यापेक्षा इंजिनालगत घातलेला मातीचा उंच बांध अधिक उपयोगी पडतो. रात्रीच्या डीजेसाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. त्यांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ग्रामसभेत हा विषय मांडताना पावलांची वही सोबत न्यावी. बदल केल्यानंतर त्याच बाभळीपासून, त्याच वेळी, पुन्हा आठ सकाळी पावले मोजावीत आणि जुन्या आकड्यांच्या शेजारी तारखेसह लिहावीत.