आधी ऐका, मग पाना उचला

जुनी गाडी घेतली की माणसं आधी रंग बघतात, मग सीट कव्हर, मग टेप. बोनेट उघडतात ते सगळ्यात शेवटी, आणि तेही नुसतं बघायला. माझं म्हणणं असं की जुन्या गाडीत बघण्यासारखं थोडं आणि ऐकण्यासारखं भरपूर असतं. गाडी सांभाळायची असेल तर पान्यांच्या सेटच्या आधी कान तयार करा. ते कसं करायचं, एवढंच सांगतो.

माझ्याकडे 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. फियाटच्या परवान्यावर कुर्ल्याला बनायची ती. चार सिलिंडर, 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. काही बिघडलं तर दिवा पेटत नाही, आवाज बदलतो. परभणीकडच्या शाळांत क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी झाली. पोरांना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवलं, आणि बॅटी, ग्लोव्ह, बेस असला सगळा पसारा याच गाडीच्या डिकीतून गावोगाव नेला. तिसरा नाद गोंधळाचा. माहूर आणि तुळजापूर दोन्ही मराठवाड्यातच, त्यामुळे संबळ-तुणतुणं लहानपणापासून कानावर. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं बायको अजून विचारते.

पहिला धडा गोंधळापासूनच घ्या. कुठलंही गोंधळाचं रेकॉर्डिंग लावा. संबळ इतका जोरात वाजतो की बाकी काही ऐकूच येत नाही, असं आधी वाटेल. तरी गाणं सोडा, संबळ सोडा, आणि फक्त तुणतुण्याच्या तारेच्या मागे जा. कडव्याच्या शेवटापर्यंत तिला सोडू नका. मग पुन्हा पहिल्यापासून लावा आणि या वेळी फक्त झांज पकडा. गलक्यातून एकच आवाज धरून ठेवायची सवय लागली की इंजिनापाशी उभं राहण्यात अर्थ आहे. नाहीतर बोनेट उघडल्यावर नुसता एक मोठा ‘घर्रर्र’ ऐकू येतो आणि माणूस घाबरून गॅरेज गाठतो.

ऐकायची वेळ सकाळची, गाडी रात्रभर थंड झालेली असताना. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, गळ्यातला गमछा काढून ठेवलेला. ही शेवटची गोष्ट विसरू नका, समोर पंखा फिरत असतो. सुरू केल्यावर पहिला मिनिटभर फुसफुस आली आणि इंजिन तापल्यावर गेली, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं, गॅस्केट सुटत चाललंय. लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते, म्हणून आवाज जातो. बिघाड जात नाही. चीं चीं म्हणजे फॅन बेल्ट. मध्यावर अंगठ्याने दाबून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर दबला तर ठीक, जास्त दबला तर ताण द्या.

बारीक टिकटिक येते ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह (झडपा) ढकलणाऱ्या भागाची. इंजिन दोन फेरे फिरतं तेव्हा एक व्हॉल्व्ह एकदा उघडतो, त्यामुळे ही टिकटिक इंजिनाच्या निम्म्या चालीने पडते आणि रेस दिली की त्याच प्रमाणात वाढते. नवीन माणूस हिला फार भितो. खरं तर थोडी टिकटिक असलेली बरी. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, न लावता अंदाजाने टॅपेट आवळून गाडी एकदम गप्प केली, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. गप्प इंजिन दिसलं की मला उलट शंका येते.

आवाज नेमका कुठून येतोय हे कळायला लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक वॉटर पंपाच्या अंगाला टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला. चांगलं बेअरिंग एकसारखं सुस्कारतं, गेलेलं बेअरिंग खरखरतं, मधूनच वाळू भरडल्यासारखं. स्क्रू ड्रायव्हर पंख्याजवळ न्यायची भीती वाटत असेल तर रबरी नळीचा हातभर तुकडा चालतो. एक टोक कानाशी धरायचं आणि दुसरं इंजिनभर फिरवायचं.

सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते मिसिंग ओळखणं. चार सिलिंडरचा ठेका सारखा पडायला हवा. एक ठोका गाळला जात असेल तर सायलेन्सरमागे तळहात धरा, हवेचे धक्के तुटक लागतील. मग रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर चार-पाच सेकंद काढून परत लावा. उघड्या हाताने नको, त्यात हजारो व्होल्ट असतात. वायर काढल्यावर इंजिन लडखडलं तर तो सिलिंडर काम करतोय. काढूनही आवाजात काही फरक पडला नाही, तर दोषी तोच. त्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावून बघा. मिसिंग प्लगच्या मागे गेलं तर प्लग बदला, जागेवरच राहिलं तर वायर बघा, आणि वायरही चांगली निघाली तर मामला व्हॉल्व्हचा.

ठकठक मात्र दोन जातींची असते, आणि त्यात गल्लत महागात जाते. मांजरसुंभ्याचा घाट चौथ्या गिअरवर ओढत चढताना हलकी खणखण आली तर ते नॉकिंग. खालचा गिअर टाका, पुढे सावकाश टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, थोडं मागे घ्या. पण रेस देऊन सोडताना खोलवरून, जड, पायाला जाणवेल अशी ठकठक आली, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग समजा. गाडी तिथेच बंद करा आणि टोचन लावून न्या. ‘जाऊ हळूहळू घरापर्यंत’ म्हणणाऱ्याचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, जातो.

चालत्या गाडीचे आवाज आत बसून नीट कळत नाहीत. मानवतकडे कापसाच्या जिनिंगच्या लांबलचक कंपाउंड भिंती आहेत. अशा भिंतीला लागून, काच खाली करून, दुसऱ्या गिअरवर सावकाश गाडी न्या. चाकांचा आणि प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) आवाज भिंतीवर आपटून सरळ कानात येतो. गिअर टाकताना खालून ‘टक’ आलं की क्रॉस, म्हणजे त्या शाफ्टचा सांधा, गेला. वळणावर गुंगुं वाढली किंवा कमी झाली तर चाकाचं बेअरिंग.

अजून एक करा, गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि तुम्ही रस्त्याकडे पाठ करून उभे राहा. हे मी मैदानातून उचललं. बेसबॉलमध्ये आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात, उभ्या पोराकडे चेंडू सरळ उडाला, तर तो पुढे पडणार की डोक्यावरून जाणार हे डोळ्याला पहिल्या क्षणी कळतच नाही. बॅटचा आवाज नव्वद मीटरवर पाव सेकंदात पोचतो, आणि चांगला कान असलेला पोरगा त्या आवाजावर पळत सुटतो. मी पोरांना बॅटरकडे पाठ करून उभं करायचो आणि फक्त आवाजावरून ‘जवळ’ की ‘लांब’ ओरडायला लावायचो. लाकडी बॅटवर नीट बसलेला फटका कोरडा, कडक येतो. टोकाला किंवा मुठीजवळ लागला तर बोदा. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये लाकडीच बॅट चालते. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या, त्या प्रत्येक फटक्याला टणाणतात, म्हणून फरक ओळखणं जड जातं. ही पोरं या खेळाकडे वळतात त्यात सरकारी नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणाचा वाटा मोठा, खोटं कशाला बोलू. पण पाठ करून ऐकायला लागली की त्यांना खेळही आवडायला लागतो.

हवामानाचं गणित मनात ठेवा. हलगीवाला पावसाळी हवेत हलगी जाळावर धरतो, कारण कातडं सैल पडून आवाज बसतो. अमेरिकेतल्या कंट्री संगीतात बँजो असतो, त्यालाही पूर्वी कातडंच असायचं आणि दमट हवेत तोही असाच बसायचा. गाडीचा आवाजही डिसेंबरच्या पहाटे वेगळा आणि मेच्या दुपारी वेगळा. डिसेंबरातली टिकटिक मेमधल्या टिकटिकीशी ताडून बघू नका. मेमध्ये पारा 43-44 वर गेला की वेगळीच तऱ्हा: गंगाखेड रोडवर गाडी आधी आचके देते, मग काहीही न वाजता बंद पडते. पेट्रोलची वाफ होऊन पंप अडलेला असतो. ओलं फडकं पंपावर टाका, पंधरा मिनिटं लिंबाखाली बसा आणि स्टार्टर मारत बसून बॅटरी उतरवू नका. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम खराब होतो, तिथे मात्र कान उपयोगाचा नाही, नाक लावा.

शेवटी मिस्त्रीकडे जावंच लागतं. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायची पद्धत आलीय, पण छोट्या स्पीकरवर जड ठकठक ऐकूच येत नाही, तेव्हा गाडीच घेऊन जा. ‘टॅपेट करा’ किंवा ‘कार्बोरेटर साफ करा’ असं निदान घेऊन जाऊ नका. जे सांगाल ते करून देतील आणि बिल तुमचं. थंड असताना की गरम झाल्यावर, चढाला की उताराला, रेस देताना की सोडताना, एवढं सांगा, आणि तोंडाने आवाज काढून दाखवायला लाजू नका. आमचे मिस्त्री चाचा म्हणतात, “सर, पैले सुनो, बाद में खोलो.” त्यांनी गाडी सुरू करायला सांगितली की इंजिन बंद होईपर्यंत मध्ये बोलू नका.