देवदूत-दानवांचं युद्ध लिहिताय? निदान या चुका टाळा

नवलेखकांचे मसुदे वाचून देणं हा माझा जुना उद्योग. देवदूत, दानव आणि मध्ये भरडली जाणारी माणसं असं काही आलं की मी आधी शेवटची लढाई काढून वाचते. बहुतेक वेळा तिथे आकाश दुभंगतं, लख्ख उजेड पडतो आणि सगळं मिटतं. मग आधीची सहाशे पानं ही माणसं मरत कशासाठी होती?

पंख देऊन विसरणं. ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे जरा सविस्तर. माझ्या पहिल्या कादंबरीत दानवांच्या ताब्यातला एक किल्ला होता. देवदूतांनी घातलेला चाळीस दिवसांचा वेढा, तीन प्रकरणं. शिड्या, सुरुंग, दरवाजावर ओंडक्याचे तडाखे, सगळं मन लावून लिहिलं. मैत्रिणीने वाचलं आणि एवढंच विचारलं, "अगं, यांना पंख आहेत ना? मग दरवाजा कशाला फोडतायत?"

मी शॉर्टकट मारला. किल्ल्यावर अदृश्य कवच घातलं. कवच आहे तर दानव बाहेर कसे पडतात? म्हणून कवचाला भोक. मग त्या भोकातून देवदूत का शिरत नाहीत? म्हणून भोकावर पहारा. ठिगळाला ठिगळ लावत दोन महिने घालवले आणि शेवटी तिन्ही प्रकरणं फेकून दिली.

तेव्हापासून पहिलं वाक्य लिहिण्याआधी मी एका कागदावर फक्त 'कोणाला काय जमत नाही' ते लिहिते. सामर्थ्यांची यादी कोणीही करतं, नवशिके तर वहीच्या वही भरतात. त्या किल्ल्याला एक ओळ पुरली: माणसाने बांधलेल्या तटाच्या आत, आतल्या माणसाने बोलावल्याशिवाय, ना देवदूताला उतरता येतं ना दानवाला. म्हणजे दानवांनाही कोणीतरी बोलावलं होतंच! कोणी, हे शोधताना मला किल्लेदार सापडला आणि मुदपाकखान्यातली एक कैदी बाईसुद्धा. पुढचा सगळा वेढा तिच्या एका हाकेसाठी खोळंबला.

न मरणाऱ्यांची मारामारी. इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात (१६६७) देवदूत मायकेलच्या तलवारीने सैतान जखमी होतो आणि जखम भरूनही येते. दुसऱ्या दिवशी सैतानाची फौज तोफा आणते, देवदूत डोंगर उपटून फेकतात, तरी निकाल नाही. तिसऱ्या दिवशी देवपुत्राला रथात बसून यावं लागतं. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत सापडलेल्या, दोनेक हजार वर्षं जुन्या 'युद्धाची गुंडाळी' या ज्यू हस्तलिखितातही हाच पेच आहे: तीन फेऱ्या प्रकाशाच्या पुत्रांच्या, तीन अंधाराच्या बाजूच्या, सातवीत देवाचा हात. या दोघांना देव आणता आला, कारण कथाच त्याची होती. तुमची कथा माणसांची असेल तर ही सोय तुम्हाला नाही. मी काय करते? जखम खुशाल भरू देते, पण प्रत्येक लढाईत अमरांचं असं काहीतरी घालवते जे परत येत नाही. कोणाचा आवाज, कोणाचं नाव, कोणाची उडण्याची ताकद.

लाखोंच्या फौजा. माणशी दिवसाला एक किलो धान्य धरलं तरी दहा हजार माणसांना रोज दहा टन लागतं, आणि घोडे अजून मोजलेलेच नाहीत. कुमरानच्या त्या गुंडाळीत कर्ण्यांवर काय कोरायचं आणि कोणत्या वयाच्या माणसाने कुठलं काम करायचं इथपर्यंत लिहिलंय. तुम्ही निदान रसदीच्या गाड्या तरी दाखवा.

सगळ्यांची नावं 'एल'ने संपवणं. हिब्रूत 'एल' म्हणजे देव, त्यामुळे एक-दोन नावांना ते शोभतं. चौदा झाली की वाचक मागची पानं चाळत बसतो.

दानव सरसकट दुष्ट ठेवणं हा आळस. अलीकडे सगळे देवदूत ढोंगी दाखवायची टूम निघाली आहे, तोही आळसच.

सुरुवातीलाच दहा हजार वर्षांचा इतिहास. कापा. "पण पुढे तो लागतो," असं मला दर वेळी सांगितलं जातं. लागतो तेव्हा सांगा की.