छोटा नीलम पारखताना लूप सर्वांत शेवटी

रत्नपारख शिकायला आलेल्या जवळपास प्रत्येकाचा हात आधी लूपकडे, म्हणजे डोळ्याला लावायच्या दहापटीच्या भिंगाकडे, जातो. खडा चिमट्यात धरला की लूप डोळ्याला लागलाच, आणि मग आत काय काय दिसतंय याची मोजदाद सुरू. अर्ध्या-पाऊण कॅरटच्या नीलमाच्या बाबतीत या सवयीने पारख उलटी होते. चार-पाच मिलिमीटरचा खडा दागिन्यात बसला की कुणी तो दहापट मोठा करून बघत नाही. हातभर अंतरावरून तो एकतर निळा दिसतो, नाहीतर नुसता काळा ठिपका. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी क्रम ठरवून देतो: आधी नुसता डोळा, मग प्रकाश बदलून पुन्हा डोळा, मग मापं घ्यायला कॅलिपर आणि वजनाला काटा. लूप त्यानंतर.

खडा पुडीतून काढून साध्या पांढऱ्या कागदावर ठेवा, टेबल (खड्याचा वरचा मोठा सपाट पैलू) वर करून. पुडीला निळसर अस्तर असेल तर त्यातला रंग खरा मानू नका. आधी दिवसाचा उजेड, पण थेट ऊन नको; सावलीतल्या खिडकीजवळचा चांगला. मग पिवळसर दिवा. दुकानातले थंड पांढरे एलईडी निळ्या खड्याची मनापासून खुशामत करतात. त्यांच्याखाली बरा दिसणारा नीलम पिवळ्या दिव्याखाली शाईसारखा काळवंडू शकतो किंवा जांभळटाकडे झुकू शकतो. दागिने बरेचदा संध्याकाळी घातले जातात, त्यामुळे दिव्याखाली मेलेला खडा मी बाजूला ठेवतो, दिवसा तो कितीही गोड दिसो.

छोट्या खड्याची खरी अडचण रंगाच्या खोलीत आहे. नीलम म्हणजे कुरुंद, अॅल्युमिनियम ऑक्साइड. लोह आणि टायटॅनियम यांच्या जोडीमुळे तो निळा दिसतो. प्रकाश खड्यातून जितका लांब प्रवास करेल तितका रंग गडद. म्हणजे एकाच कच्च्या दगडातून मोठा आणि छोटा असे दोन खडे पाडले, तर छोटा फिकट दिसणार. म्हणूनच बारीक खड्यांसाठी मुद्दाम गडद कच्चा माल घेतला जातो आणि अंदाज थोडा चुकला की खडा काळा पडतो. ‘जितका गडद तितका भारी’ हे समीकरण डोक्यातून आधी काढून टाका. मला मध्यम गडद, सगळ्या तोंडावर, म्हणजे वरून दिसणाऱ्या भागावर, हलणारा रंग हवा असतो. खडा हळूच डोलवला की उजेडाचे तुकडे एका पैलूवरून दुसऱ्यावर सरकले पाहिजेत. एखादा भाग कसाही फिरवला तरी काळाच राहतो का, आणि मधोमध फिकट, पाणचट चौकट दिसते का, हे दोन प्रश्न स्वतःला विचारा.

त्या पाणचट चौकटीला सगळे ‘विंडो’ म्हणतात. ती ओळखायला उपकरण लागत नाही. छापील मजकुरावर खडा टेबल वर करून ठेवा. मधल्या भागातून अक्षरांचे अवयव ओळखू येत असतील तर विंडो आहे. कारण सरळ आहे. नीलमाचा अपवर्तनांक 1.762 ते 1.770, त्यामुळे त्याचा क्रांतिक कोन, म्हणजे प्रकाश बाहेर पडतो की आतच परत फिरतो हे ठरवणारा कोन, साधारण साडेचौतीस अंश येतो. खालचे पैलू त्याहून उताणे कापले तर वरून आलेला प्रकाश परत न फिरता तळातून निघून जातो आणि रंगही सोबत घेऊन जातो. वजन वाचवण्यासाठी चपट्या कच्च्या दगडाचा चपटाच खडा काढला की हे घडतं. बारीकशी विंडो मी चालवून घेतो. निम्मं तोंड व्यापणारी नाही.

उलट टोकाला आहे पोट सुटलेला खडा. इथे काटा आणि कॅलिपर कामाला येतात. गोल पैलूदार खड्यासाठी व्यास गुणिले व्यास गुणिले उंची (सगळं मिलिमीटरमध्ये), त्याला विशिष्ट गुरुत्व 4 आणि 0.0018 ने गुणा. वजन कॅरटमध्ये येतं. 5 मिलिमीटरचा खडा 3 मिलिमीटर उंच असेल तर हिशेब 0.54 कॅरटचा. उंची 4 असेल तर 0.72. वरून दोन्ही सारखेच दिसणार, पण पैसे कॅरटवर मोजले जातात, म्हणजे दुसऱ्यात तिसरा हिस्सा जास्त वजन तुम्ही पोटासाठी विकत घेताय. वर ते पोट कोंदणात बसवायला कारागिराला जागा लागते ती वेगळीच. जाता जाता: हिऱ्याचं आकार-वजनाचं कोष्टक नीलमाला लावू नका. हिऱ्याचं विशिष्ट गुरुत्व 3.52 असल्याने त्याच वजनाचा नीलम अंमळ लहान दिसतो.

आता खडा आडवा धरून बाजूने बघा. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि मला सगळ्यांत जास्त मजा इथेच येते. वरून एकसारखा निळा दिसणारा खडा बाजूने जवळजवळ पांढरा निघतो, आणि तळाच्या टोकाशी निळ्याचा एवढासा ठिपका असतो. कापणाऱ्याने कच्च्या दगडातला रंगाचा डाग नेमका क्युलेटपाशी (तळाच्या टोकापाशी) येईल असा दगड फिरवलेला असतो. तळाचे पैलू तोच रंग सगळ्या तोंडभर पसरवतात. ही लबाडी नाही, कसब आहे. अडचण पुढे येते: तळाला टवका उडाला आणि पुन्हा पॉलिश करायची वेळ आली तर रंगच निघून जाईल. असा खडा घ्यायला हरकत नाही, फक्त हे ठाऊक असू द्या.

एवढं झाल्यावर लूप. दहापटीचा, आणि स्वच्छता शोधायला नाही, ओळख पटवायला. छोट्या नैसर्गिक नीलमात काहीतरी असणारच: साठ आणि एकशेवीस अंशांत एकमेकांना छेदणाऱ्या रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया, बोटांच्या ठशासारखे दिसणारे भरून आलेले तडे, सरळ रेषेत जाऊन कोनात वळणारे रंगाचे पट्टे. पट्टे वक्र असतील तर सावध व्हा. ऑग्युस्त व्हर्नुईने 1902 मध्ये जगापुढे आणलेल्या ज्वाला-वितळण पद्धतीच्या कृत्रिम नीलमात असे वक्र पट्टे आणि गोल वायुबुडबुडे सापडतात. छोट्या खड्यांच्या ढिगात कृत्रिम खडे मिसळणं सोपं जातं, कारण एकेक खडा कुणी तपासत बसत नाही. मात्र ‘पट्टे नाहीत म्हणजे कृत्रिम’ असा उलटा निष्कर्ष काढू नका. अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या योगो गल्चचे नीलम बहुतेक बारीकच निघतात, त्यांचा रंग एकसारखा असतो, पट्टे सहसा दिसत नाहीत, आणि तरी ते अस्सल नैसर्गिक.

सुया शाबूत आणि टोकदार असतील तर खडा भट्टीत फारसा तापलेला नसावा. तुटक ठिपक्यांच्या रांगा झाल्या असतील, किंवा आतल्या स्फटिकाभोवती चकतीसारखा चकचकीत तडा असेल, तर उष्णता दिलेली आहे. तापवलेला नीलम वाईट नाही. रंग टिकाऊ असतो. विक्रेत्याने ते सांगितलं की संपलं. माझा आक्षेप दोन गोष्टींना. एक, तड्यांत काच भरलेला खडा. त्यात बुडबुडे आणि विचित्र निळी झाक दिसते, आणि सोनाराची ज्योत किंवा आम्ल लागलं की काच बिघडते. दुसरी, न सांगता केलेलं डिफ्युजन, म्हणजे भट्टीत बाहेरून मूलद्रव्य मुरवून आणलेला रंग. ते टायटॅनियमचं असेल तर रंग पातळ थरातच राहतो; खडा पाण्यात बुडवून पांढऱ्या उजेडावर धरला की पैलूंच्या कडा गडद रेखाटल्यासारख्या दिसू शकतात. बेरिलियम मात्र खोलवर शिरतं, छोट्या खड्यात तर आरपार, आणि ते ठामपणे सांगायला प्रयोगशाळेतलं रासायनिक विश्लेषणच लागतं. छोट्या खड्याला प्रमाणपत्राचा खर्च कधीकधी खड्याच्या किमतीलाच भिडतो. तेव्हा मी प्रमाणपत्राचा हट्ट धरत नाही, पण ‘नैसर्गिक, फक्त तापवलेला’ हे बिलावर लिहून घेतो. ‘न तापवलेला’ म्हणून जास्त पैसे मागितले जात असतील तर मात्र अहवाल हवाच.

शेवटी गर्डल, म्हणजे खड्याची भोवतालची कड. कठीणपणा 9 म्हणजे ओरखडा सहज पडत नाही, टवका उडत नाही असं नव्हे. सुरीच्या धारेसारखा पातळ गर्डल प्रॉन्ग (खडा धरून ठेवणारे धातूचे आकडे) दाबताना फुटतो. लूपखाली पूर्ण कडा फिरवून बघा, आणि एखाद्या कोपऱ्याला छोटा टवका असेल तर तो प्रॉन्गखाली झाकता येईल का, हे जडणाऱ्याला विचारूनच खडा घ्या.

कानातल्यांसाठी जोडी जुळवत असाल तर दोन्ही खडे शेजारी ठेवा, दोन्ही उजेडांत बघा आणि मग त्यांच्या जागांची अदलाबदल करा. डावा खडा गडद वाटत होता आणि जागा बदलल्यावर उजवीकडे गेलेला तोच खडा गडद वाटला, तर फरक खड्यात आहे. गडदपणा डावीकडेच राहिला तर तो उजेडाचा खेळ.