दिवे हिरवे, तरी जोड अपुरी: लिंक अ‍ॅग्रिगेशनमधील या चुका टाळा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलमध्ये सर्व्हरपासून स्विचपर्यंत एक गिगाबिटच्या दोन केबल एकत्र जोडून त्यांचा एकच गट केलेला होता (यालाच लिंक अ‍ॅग्रिगेशन म्हणतात) आणि दोन्ही पोर्टांचे दिवे हिरवे होते. तरीही बिलिंगच्या काही संगणकांना सर्व्हर सापडत नसे आणि काहींचे काम सुरळीत चाले. लिनक्स सर्व्हरवर एलएसीपी, म्हणजे दोन्ही टोकांनी आपसात बोलून गट ठरवण्याची पद्धत, लावलेली होती; स्विचवर मात्र तेच पोर्ट स्थिर, म्हणजे न बोलताच गट धरणाऱ्या ‘ऑन’ प्रकारच्या चॅनेलमध्ये (स्विचवरील गटात) बांधलेले होते. स्विच दोन्ही केबलांवर वाहतूक वाटत होता आणि सर्व्हर एकाच केबलवरची स्वीकारून दुसरीवरची टाकून देत होता.

दिवा केबल जिवंत असल्याचे सांगतो, पोर्ट गटात सामील झाल्याचे नव्हे. त्यासाठी स्विचवरील चॅनेलची आणि सर्व्हरवरील बाँडची, म्हणजे तेथील गटाची, स्थिती उघडून पाहावी. तेथे जोडीदाराचा, म्हणजे समोरच्या टोकाचा, मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) नुसती शून्ये दाखवत असेल, तर समोरून एलएसीपीचे उत्तर येत नाही. दोन्ही टोके ‘पॅसिव्ह’ असली तरी हेच घडते, कारण बोलण्यास सुरुवात कोणीच करत नाही. म्हणून मी दोन्हीकडे ‘अ‍ॅक्टिव्ह’च ठेवतो. दोन कार्डांचे अ‍ॅग्रिगेटर क्रमांक (कार्ड कोणत्या गटात आहे ते सांगणारे) वेगळे दिसले, तर केबल दोन स्वतंत्र स्विचांना गेल्या आहेत का, हे तपासावे. स्टॅकिंग किंवा एमएलएजी (दोन स्विचांना एकच स्विच असल्यासारखे वागवण्याच्या सोयी) नसलेल्या दोन स्विचांवर एक गट बनत नाही.

‘दोन केबल जोडल्या, पण बॅकअपचा वेग दुप्पट झाला नाही’ ही तक्रार मात्र बिघाडाची नाही. एक संवाद नेहमी एकाच केबलवरून जातो. लिनक्समध्ये वाटणीचा मूळ नियम मॅक पत्त्यांवर चालतो, त्यामुळे राउटरपलीकडील सर्व संगणकांना जाणारी वाहतूक एकाच केबलवर पडू शकते. तेथे आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक विचारात घेणारा नियम निवडावा. हा नियम सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीपुरता असतो आणि येणारी वाहतूक स्विच स्वतःच्या नियमाने वाटतो, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

गिरणीच्या शेडपासून कार्यालयापर्यंत फायबर आणि मीडिया कन्व्हर्टर (फायबर व तांब्याची केबल जोडणारी उपकरणे) असतील, तर फायबर तुटल्यावरही तांब्याच्या बाजूचा दिवा पेटलेला राहू शकतो. स्थिर जोड अशा वेळी तुटलेल्या वाटेवर वाहतूक पाठवतच राहते. एलएसीपीला ते कळते, परंतु त्याच्या ‘संथ वेळ’ या सेटिंगमध्ये ९० सेकंदांनी आणि ‘जलद वेळ’ या सेटिंगमध्ये ३ सेकंदांनी. म्हणून येथे जलद वेळ निवडावी.

गटातील सर्व पोर्टांचा वेग आणि व्हीलॅनची (एकाच स्विचवरील वेगळ्या आभासी नेटवर्कांची) यादी सारखी असावी. काम सोपवण्यापूर्वी मोठी फाइल कॉपी होत असताना एक केबल काढावी, ती पुन्हा जोडून गटात आल्याची खात्री करावी आणि मगच दुसरी काढून पाहावी.