हानलेहून ऑरोराचा फोटो कसा घ्यावा

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबडा पट्टा टिपला. तो ऑरोरा, म्हणजे सौरवादळामुळे आकाशात, एरवी ध्रुवांजवळ, दिसणारा रंगीत प्रकाश. अक्षांश जेमतेम ३३. एवढ्या दक्षिणेला नाचणारे हिरवे पडदे शोधू नका. हिरवा प्रकाश साधारण १०० किमी उंचीवर निघतो, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईआड ११०० किमीच्या पुढे तो दिसतच नाही. ऑक्सिजनचा तांबडा प्रकाश २०० ते ४०० किमी उंचीवरचा, म्हणून दीड-दोन हजार किमीवरूनही क्षितिजावर डोकावतो.

सौरवादळ सूर्यावरून निघालं की एक ते तीन दिवसांत पोहोचतं. पुण्याहून तेव्हा निघालात तर लेहला विरळ हवेची सवय होईतो सगळं आटोपलेलं असेल. लडाखमध्ये आधीच असलेल्यांनाच ही संधी. केपी, म्हणजे भूचुंबकीय वादळाचा ० ते ९ असा निर्देशांक, ८ च्या खाली असेल तर फार आशा ठेवू नका. केपीपेक्षा बीझेड पाहा, म्हणजे सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक: तो उणे २० नॅनोटेस्लाच्या खाली तासभर टिकला तर कॅमेरा लावा. बीझेडच्या आलेखावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. चंद्र नको.

ट्रायपॉड उत्तरेकडे, मोकळं क्षितिज चौकटीत. १४ ते २४ मिमी लेन्स, एफ/२.८ किंवा त्याहून उघडी, आयएसओ ३२००, १५ सेकंद, रॉ. फोकस मॅन्युअल: लाइव्ह व्ह्यूमध्ये ध्रुवतारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईतो रिंग फिरवा, मग तिला चिकटपट्टी लावा. व्हाइट बॅलन्स ३८०० केल्विनला बांधा. ऑटोवर कॅमेरा लाली कमी करून टाकतो आणि प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. जादा बॅटरी आतल्या खिशात, थंडीत त्या झपाट्याने उतरतात.

डोळ्यांना काही दिसलं नाही म्हणून गाशा गुंडाळू नका. अंधारात आपली नजर तांबड्याला जवळपास आंधळी असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरच ते कळेल.

लाली दिसली तरी लगेच हुरळू नका. गाडीचे मागचे दिवे, दूरच्या वस्तीचा उजेड, पातळ ढग हे सगळे फसवतात. आकाशभर पसरलेल्या फिकट हिरव्या लाटा असतील तर तो बहुधा एअरग्लो, म्हणजे वरच्या हवेचा स्वतःचा मंद उजेड; तो वादळाविनाही असतो. अर्धा तास दर दोन मिनिटांनी त्याच सेटिंगवर फोटो घ्या. खरी लाली उत्तरेलाच राहते, तिच्यातून तारे स्वच्छ दिसतात, आणि बीझेड वर चढला की काही वेळाने ती ओसरते.

(४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईहूनही ऑरोरा दिसल्याची नोंद आहे. तेवढ्या भरवशावर महाबळेश्वरला ट्रायपॉड लावू नका.)