वणव्याची ठिणगी सोसायटीच्या आवारात पेट घेऊ नये म्हणून

मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला किंवा आरेच्या जंगलाला लागून असलेल्या सोसायट्यांमधील रहिवासी, टेकडीवर वणवा दिसला की, ज्वाळा किती दूर आहेत एवढेच पाहतात. वास्तविक ज्वाळा बहुधा रस्त्यापाशी किंवा कुंपणाच्या भिंतीपाशी थांबतात. ठिणग्या मात्र थांबत नाहीत. पेटलेल्या पानांचे, सालीचे आणि काटक्यांचे तुकडे तापलेल्या हवेबरोबर वर उचलले जातात, वाऱ्यावर पुढे जातात आणि जेथे कोरडा पाचोळा सापडतो तेथे आधी नुसते धुमसतात. वारा लागला की मग पेटतात. गवताची ठिणगी वाटेतच विझण्याचा संभव अधिक, पण सालीचा तुकडा निखारा बराच वेळ धरून ठेवतो. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या जळत्या साली कित्येक किलोमीटर पुढे जाऊन नव्या आगी लावतात.

म्हणून तयारी पाचोळ्यापासून करावी, आणि तीही गवत वाळू लागताच. वारा जेथे पाने आणून टाकतो तेथेच तो ठिणग्याही आणून टाकतो, त्यामुळे धोक्याच्या जागा शोधण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही: गच्चीचे कोपरे, पन्हळी, पार्किंगचे छप्पर, एसीच्या बाहेरच्या युनिटमागची फट. या जागा दर आठवड्याला झाडाव्यात. झाडलेला ढीग जाळू नये, हे सांगावे लागते याचेच आश्चर्य वाटते. भिंतीलगतचे गवत कापावे. उद्यानाच्या हद्दीतील जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळे ठेवलेले पट्टे, हे मात्र वनविभागाचे काम आहे, तेथे आपण कोयता घेऊन जाऊ नये.

आग दिसताच 101 वर कळवावे आणि वाऱ्याची दिशा पाहावी. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा वारा ठिणग्या सहसा मुलुंड-भांडुपच्या बाजूला नेतो, तर पहाटे वारा उलटला की बोरिवली-गोरेगावकडच्यांनी सावध व्हावे. खिडक्या बंद कराव्यात, ग्रिलवरचे कपडे आणि गच्चीवरची ताडपत्री आत घ्यावी, पाण्याच्या बादल्या गच्चीवर भरून ठेवाव्यात. टेकडी चढून आग विझवायला जाऊ नये, कारण चढावर आग माणसापेक्षा वेगाने वर येऊ शकते.

आग विझल्यानंतरही पुढचे काही तास याच कोपऱ्यांवर कोणी तरी फेरी मारत राहावे. पाचोळ्यातून धूर येत असल्यास वरवर पाणी मारून भागत नाही; ढीग काठीने उकरून तळापर्यंत भिजवावा.